कालगुर्लीच्या आमाला जे सांगायचं होतं

ऑस्ट्रेलियाहून परत येऊन मला चार वर्षं होतील. या चार वर्षांत कुणीही विचारलं, की मी पर्थचा समुद्र सांगतो, कांगारू सांगतो, डोंगर उलटा करून जमिनीत ठेवावा तशी सोन्याची खाण सांगतो. ऐकणारे खूश होतात. त्या प्रवासात खरं काय घडलं ते मी एकालाही सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं, असं स्वतःला समजावतो. पण तेही खरं नसावं. ती असताना सांगण्यासारखं बरंच होतं, तेव्हाही मी गप्पच होतो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. लिहून टाकतो.

मी पोलीस खात्यात होतो. निवृत्तीच्या आधी काही वर्षं परदेशी नागरिक, पासपोर्ट, पडताळणी हे माझं काम होतं. त्या काळात युरोपातल्या एका देशात आमचं तिघांचं पथक गेलं होतं. तिथे कागदपत्रांशिवाय पकडलेली माणसं विमानतळाजवळच्या एका बंद इमारतीत ठेवलेली असत. यजमान अधिकारी एकेकाला आमच्यासमोर बसवत आणि आम्हाला एकच विचारत: हा तुमचा का? आम्ही हो म्हटलं की त्याचा प्रवासाचा दाखला निघायचा आणि तो विमानात बसायचा. आम्ही नाही म्हटलं की तो त्यांच्याच गळ्यात राहायचा. ते फार अगत्यानं वागत. कॉफी, केक, संध्याकाळी शहर दाखवायला गाडी. अशा अगत्यापुढे सारखं नाही म्हणणं जड जातं.

तिथे एक तरुण आला. ‘मी भूतानचा,’ एवढंच म्हणायचा. भूताननं त्याला आपला मानलं नव्हतं, नेपाळनंही नाही. मी त्याच्याशी हिंदीत गोड बोललो, चहा मागवला. मग टेबलावरचं तिथलं वर्तमानपत्र हळूच खाली सरकवलं, ते त्याच्या पायाशी पडलं. त्याचा पाय लागला. त्यानं वाकून ते उचललं, कपाळाला लावलं आणि नीट घडी घालून टेबलावर ठेवलं. त्या भाषेतलं एक अक्षरही त्याला येत नव्हतं. आपल्याकडे कागदाला पाय लागला की लहानपणापासून हेच शिकवतात. मी हसून सहकाऱ्यांकडे पाहिलं. भारतीय! यजमानांनी फक्त टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या.

ही गोष्ट मी नंतर लग्नाकार्यांत, निरोपसमारंभांत कितीतरी वेळा सांगितली. माझी मुलगी मुग्धा, तिला ती तोंडपाठ झाली.

पर्थ ते कालगुर्ली

मुग्धा डॉक्टर आहे, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात. जावई अमेय खाणीत इंजिनिअर. मला घ्यायला अमेय गाडीनं पर्थला आला होता, सोबत नऊ वर्षांची नात इरा.

‘बाबा, विमानानं तासाभरात पोचलो असतो, पण हा रस्ता एकदा बघायलाच हवा,’ अमेय म्हणाला.

शहर संपलं, मग गव्हाची शेतं संपली, आणि नंतर नुसती लाल माती आणि झाडं. झाडांची खोडं तांब्यासारखी गुळगुळीत, जणू कुणी सोलून ठेवलेली. रस्त्याच्या कडेनं एक जाडजूड पाण्याची पाइपलाइन धावते. पर्थकडच्या धरणाचं पाणी ती थेट त्या सोन्याच्या गावाला नेते. चहा प्यायला उतरलो, ती शेजारी. डुलकी लागली, उठलो, तरी शेजारीच. कैद्याला नेताना शिपाई जसा अर्धं पाऊल मागे राहून चालतो, तशी मला ती वाटू लागली. हे मी अमेयला बोललो नाही.

पेट्रोलपंपाला जोडलेल्या एका रोडहाउसवर मी शाकाहारी म्हणून बटाट्याच्या चिप्स मागवल्या. निम्म्या खाल्ल्यावर डब्यावर ‘चिकन सॉल्ट’ वाचलं आणि घास हातातच राहिला.

‘आजोबा, there’s no chicken in it!’ इरा खदखदून हसली. ‘It’s just called that.’

‘मग नाव कशाला देतात?’

‘No worries, आजोबा. खा.’

कालगुर्ली जवळ आल्यावर अमेयनं गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली. एक ओसाड गाव दाखवायचं होतं. गाव म्हणजे काय, तर काही नाही. सोनं संपल्यावर लोकांनी घरं मोडून पत्रे, फळ्या, सगळं उचलून नेलं. उरली आहे ती सपाट लाल जमीन आणि तिच्यावर रोवलेल्या पाट्या. इथे पोस्ट होतं. इथे बँक होती. इथे शाळा. पाटीमागे फक्त झुडपं आणि आकाश. माश्या इतक्या, की तोंड उघडायची सोय नाही. अमेयनं मला जाळीची टोपी घातली. जाळीतून मी एक पाटी वाचली: इथे पोलीस ठाणं होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. वारा नव्हता. पक्षी ओरडत नव्हता. इतकी वर्षं ठाण्यात काढलेल्या माणसाला वाटलं, की पाटीच्या मागे टेबलखुर्ची मांडून कुणीतरी बसलेलं आहे आणि आपल्याला पुढे बोलावतं आहे. इरानं हाक मारली तेव्हा मी दचकलो.

कालगुर्ली

गाव छान आहे. रुंद रस्ते, जुनी हॉटेलं, लोखंडी नक्षीचे सज्जे. पण आमच्या पुण्यातल्या माणसाला तिथली दुपार सोसत नाही. घरं आहेत, गाड्या आहेत, माणूस नाही. मुग्धा आणि अमेय कामाला, इरा शाळेत. मी खिडकीशी बसून रस्ता बघायचो. कधी वाटायचं समोरच्या कुंपणाशी कुणीतरी उभं आहे. चष्मा पुसून बघावं तर पत्रपेटी.

पहिल्याच दुपारी घर हललं. कपाटातल्या बश्या किणकिणल्या, मग थांबल्या. मी अंगणात पळालो. संध्याकाळी मुग्धा हसली.

‘खाणीत ब्लास्ट करतात बाबा. रोजचंच आहे. आम्हाला कळतही नाही आता.’

मग म्हणाली, ‘तुम्हाला कंटाळा येतोय ना? एक काम कराल? आमच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये खेमराज आहेत, नेपाळी; सगळे खेमदाइ म्हणतात, म्हणजे खेमदादा. म्हणजे मूळचे भूतानचे, तिथून हाकलले ना ते लोक, नेपाळच्या कॅम्पमध्ये वाढले, मग इथे आले. त्यांची आई घरी एकटी असते. दिसत नाही जवळजवळ. हिंदी येतं तिला थोडं. तुम्ही गेलात तर दोन शब्द बोलेल.’

भूतान हा शब्द ऐकून तो वर्तमानपत्र उचलणारा तरुण आठवला; पण भूतानमधून हजारो माणसं बाहेर पडली होती. मी गेलो.

खेमराज पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, अतिशय नम्र. दारातच माझ्या पायांना हात लावला. ‘आइए अंकल. आमा, देखो कौन आया, मुग्धा डॉक्टर के पिताजी.’

म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती, हातात माळ. ऐंशीच्या पुढची. आमा म्हणजे आई. सगळे तिला आमाच म्हणत. भिंतीवर फोटो होते. एक तिच्या नवऱ्याचा, त्याला कापडी फुलांचा हार. त्याच्या शेजारी एक तरुण मुलगा. त्याला हार नाही.

मी त्याला लगेच ओळखलं. वाकून वर्तमानपत्र उचलणारा तोच चेहरा.

‘मेरा छोटा भाई, मणिराज,’ खेमराज म्हणाला. ‘कॅम्पमधून एजंटबरोबर युरोपला गेला. तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं, की पुढे ऑस्ट्रेलिया आम्हाला घेणार! थांबला असता तर आज इथे असता. तिथे पकडला. एकदा फोन आला त्याचा, शेवटचा.’

मी विचारायला नको होतं. विचारलं, ‘काय म्हणाला?’

‘बहुत खुश था अंकल. म्हणाला, एक हिंदुस्तानी साहेब आले होते. बहुत शरीफ आदमी. मला भाई म्हणाले, चहा पाजला. हमको घर भेज देंगे, असं म्हणाले. त्यांची नक्कल पण केली फोनवर, आमा किती हसली होती! ‘ऐसा है भाई,’ असं सुरू करायचे म्हणे ते प्रत्येक वाक्य.’

‘घर म्हणजे कुठलं घर, ते विचारलंच नाही मी,’ आमा हिंदीत म्हणाली. आवाज कोरडा, स्पष्ट. ‘साहेब घर भेजेगा बोला है. तो भेजेगा.’

बाहेर ब्लास्ट झाला असावा. भिंतीवरचे दोन्ही फोटो थरथरले. आमानं मान वळवली नाही.

परत सोडताना खेमराज गाडीत मोकळा झाला. ‘बारा वर्षं होऊन गेली अंकल. तुमच्यातही आहे ना, बारा वर्षं पत्ता नाही लागला तर कुशाचा पुतळा करून क्रिया करतात?’

‘आहे. आम्ही दर्भाचा करतो.’

‘आमा करू देत नाही. म्हणते साहेबाचा शब्द आहे. दर दशैंला, म्हणजे तुमच्या दसऱ्याला, त्या साहेबासाठी पण दिवा लावते. डॉक्टर म्हणतात हार्ट कमजोर आहे. ती अशी वाट बघत गेली तर मी काय करू? कुणीतरी हो किंवा नाही सांगायला पाहिजे. बस.’

सांगू शकणारा माणूस त्याच्या शेजारच्या सीटवर बसला होता. मणिराजला दिल्लीत उतरवल्यावर त्याला जायला गावच नव्हतं. दाखल्यावर आम्ही भारतातला जो पत्ता घातला होता, तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो दिल्लीतच राहिला, कुठे कुठे झोपला; नेपाळच्या कॅम्पला परत का गेला नाही, कोण जाणे. दुसऱ्या हिवाळ्यात तिथल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याचा मला सहज म्हणून फोन आला होता. ‘सर, आपका वो अखबारवाला गुजर गया. ठंड से. लावारिस था, अंतिम संस्कार हमने ही करवा दिया।’ माझी गोष्ट दिल्लीपर्यंत पोचली होती, म्हणून तो ‘अखबारवाला’. त्या फोननंतरही मी ती गोष्ट काही लग्नांत सांगितली.

दसरा

मुग्धाकडे दसऱ्याचं जेवण होतं. चार मराठी घरं, दोन तेलुगू, आणि खेमराज आमाला घेऊन. आपटा तिथे कुठला मिळायला! इरानं आणि मैत्रिणींनी निलगिरीची पानं सोनेरी रंगवली होती. सोन्याच्या खाणीवर बसलेल्या गावात आम्ही एकमेकांना रंगवलेली पानं सोनं म्हणून देत होतो. अमेय म्हणाला, ‘खरं न्यायचा प्रयत्न केला तर जॉब जाईल, बाबा.’ सगळे हसले. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, खेमराजच्या घरचं सेल, म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं. चव आपल्या अनारशाच्या जवळची.

जेवण होता होता मुग्धाला लहर आली. ‘बाबा, तुमची ती पेपरची गोष्ट सांगा ना! युरोपातली! काय भारी आहे माहितीये, खेमदाइ, my dad is like a detective…’

मी पुरी ताटात ठेवली. ‘नाही, आता आठवत नाही ती.’

‘काहीतरीच! शंभरदा सांगितलीय तुम्ही. मी सांगू?’

‘मुग्धा,’ मी म्हणालो. आवाज वर गेला असावा, कारण टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले. ‘सणाच्या दिवशी पोलिसांच्या गोष्टी नकोत.’

‘Okay, okay. Relax, बाबा.’ तिनं भुवया उंचावून अमेयकडे पाहिलं.

आमा माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिला दिसत नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी तिची नजर माझ्या चेहऱ्यावर, नेमकी तोंडावर होती.

जेवणानंतर तिनं सगळ्यांना टीका लावला. त्यांच्यात दशैंला घरातलं वडील माणूस धाकट्यांच्या कपाळाला दही-कुंकवात कालवलेले तांदूळ लावतं आणि आशीर्वाद पुटपुटतं. तिथे माझ्याहून मोठी तीच. मी वाकलो. तिची बोटं कपाळावर थंडगार लागली. ती आशीर्वाद बराच वेळ म्हणत राहिली. इतरांना तिनं एवढा वेळ दिला नव्हता. तांदूळ वाळू लागले तशी कातडी आक्रसली. संध्याकाळी धुतल्यावरही ते ओढणं जात नव्हतं.

होकार

दोन दिवसांनी मी खेमराजला म्हणालो, की माझ्या दिल्लीत ओळखी आहेत, चौकशी करतो. आणखी दोन दिवस मी काहीही केलं नाही, खिडकीशी बसून राहिलो. मग त्यांच्या घरी गेलो.

आमा माळ ओढत होती. मी तिच्यासमोर खुर्ची घेतली. वाक्यं पाठ करून गेलो होतो: तुमचा मुलगा गेला, आणि त्याला तिथे पाठवणारा मी. तोंड उघडलं आणि माझ्या आयुष्यभराच्या सवयीनं सुरुवात केली.

‘ऐसा है माताजी…’

माळ थांबली.

खेमराजच्या लक्षात आलं नाही. तो रडण्याच्या तयारीत होता. माझ्या लक्षात आलं. बोटांत धरलेला मणी तिनं पुढे सरकवला नाही.

पुढची वाक्यं माझ्याकडून निघाली, पण निम्मी. दिल्लीला आला होता. आजारी पडला. गेला. पोलिसांनी सगळे संस्कार व्यवस्थित केले. खात्यातून खात्रीची बातमी आहे. मी, माझं, मला हे शब्द त्यात कुठेच नव्हते. किती रिपोर्ट मी आयुष्यात असे लिहिले असतील.

खेमराज तोंडावर हात घेऊन बसला. आमा रडली नाही.

‘ठंड में गया?’ तिनं विचारलं. मी थंडीचा उल्लेख केला नव्हता.

‘हां.’

‘कंबल था?’

‘था,’ मी म्हणालो.

‘अच्छा.’ तिनं मणी सोडला.

खेमराजनं माझे पाय धरले. ‘अंकल, आपने जो किया, कोई अपना नहीं करता.’ मी त्याला उठवलं नाही. मला उठवता आलं नाही.

मिठाचं तळं

कालगुर्लीला नदी नाही. क्रियेसाठी खेमराजनं गावाबाहेरचं मिठाचं तळं निवडलं. तळं म्हणजे नजर पोचेल तिथवर पांढरी, वाळलेली, भेगाळलेली जमीन, कडेला लाल माती. सकाळीच डोळे दिपत होते. कुश पर्थहून मागवले होते. भटजीही पर्थचेच, पण फोनच्या पडद्यावर. मुग्धा तो फोन उन्हाला पाठ करून धरून उभी होती. रेंज जायची आणि मंत्र मध्येच तुटायचा. मग आम्ही सगळे त्या पांढऱ्या शांततेत, पुढच्या शब्दाची वाट बघत थांबायचो.

खेमराजनं गवताचा हातभर माणूस केला. त्याला पांढरं कापड गुंडाळलं. अग्नी दिला. धूर सरळ वर गेला.

तेव्हा तळ्यावर, फार दूर, कुणीतरी चालत येताना दिसलं. काळी रेघ, पाय नसलेली, जमिनीपासून वीतभर वर. ती हलली, दोन झाली, पुन्हा एक झाली. अमेय माझ्या कानाशी म्हणाला, ‘मृगजळ आहे बाबा. इथे नेहमी दिसतं.’ मी खेमराजकडे पाहिलं. तोही तिकडेच बघत होता. रेघ मोठी झाली नाही, लहान झाली नाही. गवत जळून संपलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

राख गोळा करायला सगळे पुढे गेले. आमाजवळ मी एकटा राहिलो. ती घडीच्या खुर्चीत बसली होती. तिनं हात पुढे केला, मी दिला. तिनं तो धरला, दुसरा हात वर नेला आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, जिथून आवाज निघतो तिथे. दाबली नाहीत. नुसती ठेवली.

‘बोलिए,’ ती म्हणाली.

मी गिळलेला आवंढा तिला बोटाखाली कळला असणार. माश्या तिच्या चेहऱ्यावर बसत होत्या, ती हाकलत नव्हती. ती थांबली. मी आयुष्यभर माणसांना समोर बसवून बोलतं केलं; बोलण्याआधी माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे. मी तसाच दिसत असणार, आणि तिला दिसत नव्हतं, तरी कळत होतं. ती फार वेळ थांबली.

‘आमा! अंकल! आ जाइए, हो गया!’ खेमराजनं हाक मारली.

तिनं बोटं काढली. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. मी आधार द्यायला पुढे झालो, तर म्हणाली, ‘रहने दो बेटा,’ आणि खेमराजच्या आवाजाच्या दिशेनं, एकटी, मिठावर पाय टाकत गेली.

त्यानंतर मी तिथे आठवडाभर होतो. तिच्याकडे गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. पर्थला जाताना विमानानंच गेलो.

वर्षभरानं, आणखी एक दसरा उलटल्यावर, मुग्धाचा फोन आला तेव्हा इथे पौषातली थंडी होती. आमा झोपेत गेली. ‘शांत गेली, बाबा. तुमच्यामुळे. खेमदाइ सारखं तेच म्हणतात. दशैंला साहेबासाठी लावायची ना, तो दिवा तिनं मात्र या वेळी लावला नाही म्हणे.’ मी बरं म्हणून फोन ठेवला.

मुग्धा हे वाचेल आणि खेमराजला वाचून दाखवेल. दाखवावंच. लग्नांमध्ये मी जी गोष्ट सांगायचो, तिचा शेवट मी कधी सांगितला नाही. वर्तमानपत्र टेबलावर ठेवल्यावर सगळे हसत होते तेव्हा मणिराजनं त्याच्या गावची संत्र्याची बाग मला सांगितली. भूतानमधल्या शाळेत सगळ्यांना घालावा लागायचा तो घोळदार झगा सांगितला, त्याचा पट्टा बांधायला आई कशी मदत करायची ते सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण सहकारी माझ्या पाठीवर थाप मारत होते, यजमान कौतुकानं बघत होते, आणि ते कौतुक मला परत करायचं नव्हतं. तिच्या बोटांखाली जे अडकलं ते एवढंच होतं:

आमा, तुमच्या मुलाला घरी पाठवतो म्हणणारा साहेब मीच. माझी चूक झाली नव्हती. तो खरं सांगतो आहे हे मला त्याच वेळी कळलं होतं, आणि तरीही मी हो म्हटलं. कांबळं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. मला माफ करा.